देवापुढे मांडलेली ओली गोधडी

माझी मुलगी अडीच वर्षांची असताना आम्ही पनवेलजवळचा भाड्याचा फ्लॅट सोडून श्रीवर्धनच्या बाजूला, माझ्या सासरच्या गावी राहायला आलो. सासूबाई गेल्यावर सासरे एकटे पडले होते आणि सुपारीची वाडी सोडून ते शहरात यायला तयार नव्हते. नवऱ्याची नोकरी रोह्याच्या कारखान्यात. तो शनिवारी येतो आणि रविवारी संध्याकाळी जातो. म्हणजे घरात उरलो तिघं: मी, माझे सासरे, ज्यांना मी बाबा म्हणते आणि पोर आबा, आणि कमरेला डायपर बांधलेली आमची बया.

बाबांनी डायपर इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. तिसऱ्या दिवशी विचारलं, "पोरीला सारखं गाठोडं कशाला बांधून ठेवलंयस?" मी समजावून सांगितलं. त्यांनी ते गाठोडं बोटाने दाबून बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे मुतायचं, आणि ते घेऊनच हिंडायचं?" खरं सांगते, पनवेलला अडीच वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

तशी मी तयारीची बाई आहे. डायपर कसा सोडवायचा याचे मोबाईलवर वीसेक व्हिडिओ बघून झाले होते. बदकाच्या तोंडाचं पिवळं प्लास्टिकचं शूचं भांडं टेम्पोत घालून गावी आणलं होतं. भिंतीला तक्ता लावला होता, काम योग्य जागी झालं की त्यावर एक चांदणी चिकटवायची. पोरीने बदकाची टोपी केली आणि चांदण्या स्वतःच्या पोटाला चिकटवल्या. टोपीचा कंटाळा आल्यावर बाबांनी त्यात गळलेल्या सुपाऱ्या गोळा करायला सुरुवात केली. "घमेलं बरं हाय, चोचीला धरून उचलता येतं," म्हणाले.

मग एके सकाळी त्यांनी तिला हाताला धरून वाडीत नेलं, डायपरशिवाय. मी मागून ओरडत होते, पण माझं ओरडणं त्या दोघांनीही त्या काळात ऐकणं सोडलंच होतं. बाबांनी तिला एक सुपारीचं झाड दाखवलं आणि सांगितलं की याला पाणी घालायचंय. पोरीने घातलं. बाबांनी झाडाला विचारलं, "आवडलं का?" आणि स्वतःच बारीक आवाजात "आवडलं" असं उत्तर दिलं. संपलं ट्रेनिंग. वीस व्हिडिओ, बदक आणि चांदण्या गेल्या खड्ड्यात. आठ दिवसांत ती शू आली की चड्डी हातात घेऊन वाडीकडे पळायला लागली. कुठल्या झाडाची पाळी आहे हे त्या दोघांना तोंडपाठ असायचं. बाबा जेवताना सांगायचे, आज पाटाच्या कडेची झाली, उद्या विहिरीकडची.

यात एकच गोम होती. झाड दिसल्याशिवाय तिला शू होईना. हे मला कळलं ते फेरीबोटीत. मुरूडला नवऱ्याच्या मावशीकडे जाऊन आम्ही आगरदांड्याहून दिघीला परत येत होतो. बोट खाडीच्या बरोबर मध्यावर आली आणि आमच्या बाईसाहेबांनी जाहीर केलं, "शू आली. झाड कुठाय?" बोटीत झाड कुठलं असणार? दोन ट्रक, दहा-बारा मोटरसायकली आणि हसायला टपलेली माणसं. बोटीतल्या एका बाईने बाटली पुढे केली, ट्रकच्या ड्रायव्हरने टायरचा आडोसा सुचवला. पोर पाय आवळून उभी, डोळ्यांत पाणी आणि तोंडात एकच धोसरा, झाड, झाड. आणि मग तिला झाड दिसलं. कठड्याशी एक आजोबा पिशवीत हापूसची तीन कलमं घेऊन बसले होते. ती सुटली ती थेट त्यांच्यापुढे जाऊन बसली. मी अडवायला धावले तर आजोबा म्हणाले, "असू दे बाय, खतच हाय." वर पिशवीचं तोंड त्यांनीच मोठं करून धरलं. एका कलमाला पोटभर झालं. बाकीच्या दोघांनाही थोडं थोडं दे, असा त्यांचा आग्रह होता. दिघी येईस्तोवर सगळी बोट पोट धरून हसत होती, आणि माझी मुलगी सगळ्यांना टाटा करत होती.

तर दिवसाचा प्रश्न असा सुटला. रात्रीचा काही केल्या सुटेना.

तीन वर्षांची झाली, चार झाली, पाचवं लागलं, पाच पूर्ण झाली. दिवसा एक थेंब इकडचा तिकडे नाही, पण सकाळी गोधडी ओली. आठवड्यातून पाच दिवस ठरलेलेच. मेणकापड घातलं तर ती झोपेत त्याच्यावरून घसरून कोरड्या जागी जायची आणि तिथे करायची. शेजारणींनी उपाय सांगितले. तीळगुळाचे लाडू झाले, खजूर झाला, सहानंतर पाणी बंद झालं. पाणी बंद केल्यावर ती सोलकढीची वाटी पळवायला शिकली. गोधडी मी घरामागे, सुपाऱ्या वाळत घालतो तिथे आड करून टाकायचे. एका शेजारणीने ती पाहिलीच. मी म्हटलं, मांजराने घाण केली. ती म्हणाली, "रोज? मांजराला दाखवून आणा एकदा."

हरून मी आईला फोन लावला. माझं माहेर उरणच्या बाजूचं, मिठागरवाल्यांचं. म्हटलं, आई, तुमच्याकडे काही औषध असेल तर सांग. आई अशी हसायला लागली की फोन बापाच्या हातात गेला आणि बाप पण हसायला लागला. शेवटी आईने श्वास घेऊन सांगितलं, "तू काय कमी व्हतीस का? दुसरीत जाईपरत तुझी गोधडी कुंपणावर वाळत असायची. तुला हलवलं, बसवलं, उभी केली तरी तू झोपेतच. पोर तुझ्यावरच गेली, आता औषध कुणाला द्यायचं?" मी फोन ठेवला. ही माहिती मी घरात कुणाला दिली नाही. झोपेच्या बाबतीत मात्र आई बोलली ते खरं आहे. मी एकदा पडले की उशाशी ढोल वाजवले तरी उठत नाही.

आता लाज वाटते ते सांगते. माझा स्वभाव तापट आहे. उचलली जीभ की लावली टाळ्याला. शिमग्याच्या आधी चार दिवस, एका सकाळी, आठवड्यातली चौथी गोधडी धुताना माझं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं, "एवढी घोडी झालीस, लाज वाटत नाही? आता बालवाडीत जाऊन बाईंना सांगते, सगळ्या मुलांसमोर." तिने फक्त बादलीतला साबण काढून माझ्या हातात दिला, मदत म्हणून. मी तो हिसकावून घेतला.

त्याच दुपारी, राग उतरल्यावर, मी बाबांना म्हटलं की यंदा पालखी दारात येईल तेव्हा गाऱ्हाण्यात नातीचंही सांगा. आमच्याकडे शिमग्यात गावदेवाची पालखी घरोघर येते, अंगणात पाटावर बसते, बायका ओटी भरतात, आणि मग घरचा कर्ता पुरुष हातात नारळ घेऊन देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. त्याच्या प्रत्येक मागणीला जमलेली सगळी माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. दरवर्षी मागणी तीच असते: लेकरंबाळं सुखी ठेव, पीकपाणी दे, नोकरीधंद्याला यश दे. त्यात नातीला सांभाळ असं एक वाक्य पडेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाबा म्हणाले, "सांगतो." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे.

पालखी आली. खालूबाजा वाजत होता, अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईहून, सुरतेहून आलेले चाकरमानी, सगळी भावकी, बालवाडीतली निम्मी मुलं. बाबांनी डोक्यावर टोपी घातली, नारळ धरला आणि सुरू केलं. बा देवा म्हाराजा, आज तू आमच्या दारात आलास. व्हय म्हाराजा. माझ्या लेकाला कारखान्यात बढती दे. व्हय म्हाराजा. वाडीवर माकडं येतात त्यांचा बंदोबस्त कर. व्हय म्हाराजा. मीही सगळ्यांबरोबर म्हणत होते. आणि मग बाबा घसा खाकरून म्हणाले, "आणि ही माझी एकुलती एक नात, पाच वर्साची झाली, पोर गुणाची हाय, पण रातच्याला अंथरुणात मुतते. आजपासून ती मुतणार न्हाय, असं कर रे म्हाराजा."

शंभर-दीडशे माणसं एका आवाजात गरजली, "व्हय म्हाराजा."

त्यात माझाही आवाज होता. सवयीने निघून गेला. नवरा टोपी सारखी करत आभाळाकडे बघत होता. पोर माझ्या साडीला धरून उभी होती, ती हललीही नाही. पालखी उचलली, नाचवली, पुढच्या दाराला गेली. मी बाबांना स्वयंपाकघरात गाठलं आणि दात-ओठ खात विचारलं, "असं सांगतात का, सगळ्या गावासमोर?" बाबा शांतपणे म्हणाले, "देवाला मोघम सांगितलं तर देव मोघमच देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोधडी कोरडी.

मी तीनदा हात फिरवला. वास घेतला. कोरडी. तिसऱ्या दिवशी कोरडी. चौथ्या दिवशीही. बाबा अंगणातून येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसते बघून हसायचे, लोक समजून जायचे. मी, जी कधी उदबत्ती लावायला सुद्धा विसरते, ती एकदम भाविक झाले. शिरा केला. नवऱ्याला फोन केला, आईला केला, ज्या शेजारणीने मांजराला दाखवून आणायला सांगितलं होतं तिला वाटीभर शिरा नेऊन दिला आणि म्हटलं, मांजर बरं झालं. पाचव्या दिवशी तर मी गोधडी झटकता झटकता नाचले. पोर माझ्याकडे बघत होती आणि हसत होती, पण तिचे डोळे लाल होते. मला वाटलं, उन्हं वाढली आहेत. जेवताना ती भाताच्या ताटात तोंड टेकून झोपली, तेव्हाही मी म्हटलं, खेळून दमली.

सहाव्या दिवशी तिला आणायला गेले तर बालवाडीच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "घरी रात्रीचं काही चाललंय का? ही रोज येऊन झोपते. काल घसरगुंडीवर निम्म्यात अडकून झोपली, मागे पाच मुलांची रांग." मला आधी बाईंचाच राग आला. मग घरी येताना वाटेत मी तिला विचारलं, "रात्री तू झोपत नाहीस का?"

"झोपते की. बसून."

"बसून म्हणजे?"

"भिंतीला टेकून. आडवं झालं की शू होते. बसलं की कळतं आणि मी उठते. तू घोरायला लागलीस की मी बसते."

"अगं पण का? कुणी सांगितलं तुला?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली, की एवढंही मला कळू नये. "आबांनी देवाला सांगितलं ना, मी करणार नाही म्हणून. मग सगळ्यांनी व्हय म्हटलं. तू पण म्हटलंस. आता मी केली तर सगळं गाव खोटं पडेल."

मी रस्त्याच्या कडेला मोरीच्या कठड्यावर बसले. पाच वर्षांचं पोर, पाच रात्री गावाचा शब्द राखत भिंतीला टेकून बसलं होतं, आणि मी शेजारी ढाराढूर. मी ज्या गोधड्यांवर नाचले त्या तिच्या जागरणाच्या होत्या. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. मी तिला म्हटलं, माझं चुकलं. त्या दिवशी साबण हिसकावला ते चुकलं, घोडी म्हटलं ते चुकलं, आबांना सांगायला लावलं तेही माझंच चुकलं. आणि हेही सांगितलं की मी दुसरीपर्यंत करायचे. हे ऐकून ती खुदकन हसली. "खरंच? देवाची शपथ?" मी शपथ घेतली. "आबांना माहितीय?" म्हटलं, नाही आणि सांगू नकोस. तिने मान डोलावली. मी तिला कडेवर घेतलं, आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टाकलं ते घर येईपर्यंत उचललं नाही.

बाबा ओटीवर अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली, त्यांना चूक कबूल करताना मी कधी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "माझं चुकलं. पोर झोपली हाय तोवर झोपू दे. उठली की देवळात जायचं. देवापुढे घातलेला शब्द वाऱ्यावर सोडता येत न्हाय, जाऊन बदलून घेतला पाहिजे."

पाच वाजता आम्ही देवळात गेलो. तिथे गुरव होता आणि पायरीवर तीन म्हातारे पत्ते खेळत होते. बाबा म्हणाले, "उठा, गाऱ्हाणं हाय." त्यांनी पत्ते पालथे ठेवून त्यावर दगड ठेवले आणि आत आले. बाबांनी टोपी घातली. "बा देवा म्हाराजा, शिमग्याला मी जे बोललो त्यात घाई झाली. ते मी परत घेतो. माझ्या नातीला रातची पोटभर झोप दे. बाकीचं तिच्या सवडीने होऊ दे."

एक म्हातारा मधेच म्हणाला, "म्हणजे मुतली तरी चालेल, असं हाय का?"

"तसंच हाय."

"मग तसं सांग की, मोघम कशाला?"

बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा हात जोडले. "आणि मुतली तर मुतली रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." चौघांनी म्हटलं, मी म्हटलं. हसू दाबताना गुरवाच्या हातातली घंटा वाजली.

पोर मात्र गंभीर होती. तिने आबांचा सदरा ओढला. "पण तेव्हा सगळं गाव होतं. आता चारच माणसं आहेत."

"हे चार गावाला सांगतील," बाबा म्हणाले. "दुसरं काम काय हाय यांना?" म्हातारे जाम खूश झाले. तिने त्या चौघांकडे एकेक करून नीट पाहिलं, पटल्यासारखं केलं, आणि प्रसादाचं खोबरं मागितलं.

त्या रात्री तिने आपणहून गोधडी अंथरली आणि आडवी झाली. आडवं होताना एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही, न बोलणं मला किती जड जातं ते देवालाच माहीत. पाचेक मिनिटांत तिचं तोंड उघडं पडलं आणि ती घोरायला लागली, अगदी माझ्यासारखी.

सकाळी सात वाजले, आठ वाजले. बालवाडीला दांडी. बाबा हातात चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभे, चहा गार झाला तरी प्यायले नव्हते. मी वाकून गोधडीखाली हात घातला. ओली. नुसती ओली नाही, पार पाठीपर्यंत थबथबलेली. मी बाबांकडे बघून मान डोलावली आणि बाबांनी डोळे मिटून कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला. मला इतका आनंद झाला की तोंडात पदर कोंबावा लागला.

साडेआठला तिने डोळे उघडले. पहिल्यांदा तिचा हात खाली गेला. तो तिथेच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे पाहिलं.

"झोप लागली का गं?" बाबांनी विचारलं.

"हो, खूप," ती म्हणाली. मग कूस बदलून, त्याच ओल्या गोधडीवर पाय पोटाशी घेऊन, ती परत झोपली. आम्ही तिला उठवलं नाही.